आखाड्यावरचें ऊन

छप्पर म्हणजे काय, हा प्रश्न लातूर जिल्ह्यांत हलक्या मनानें विचारतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाची मिरवणूक आटोपून गांवें नुकतीं कोठें निजलीं होतीं. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली, आणि औसा व उमरगा या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें क्षणार्धांत मातीला मिळालीं. सात हजारांहून अधिक माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांवरचीं माळवदें निजलेल्या माणसांच्या अंगावर आलीं. ज्या घरानें पिढ्यान् पिढ्या ऊन, वारा आणि चोरचिलट यांपासून राखलें त्याच घरानें शेवटीं घात केला, ही गोष्ट त्या भागांतील म्हातारीं माणसें अद्याप विसरलेलीं नाहींत.

माळवद ज्यांनीं पाहिलें नसेल अशा श्रोत्यांसाठीं त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा झाडाच्या बारीक फांद्या, आणि या सर्वांवर हात-दीड हात जाडीचा मातीचा थर, अशी त्याची रचना असते. वैशाखांतील दुपारीं या छपराखालीं जो गारवा मिळतो त्याची सर पत्र्याला किंवा स्लॅबला येणार नाहीं. परंतु पावसाळ्यांत तें गळूं नये म्हणून मृगापूर्वीं दर वर्षीं त्यावर नवी माती चढविण्याची रीत असे. जुनी माती सहसा कोणी काढीत नसे. नवी मात्र चढत असे. मातीचा एक घनमीटर ढीग दीड हजार किलोच्या आसपास भरतो. तेव्हां अर्धा मीटर जाडीच्या माळवदाखालीं निजणाऱ्या माणसाच्या डोक्यावर दर चौरस मीटरास सातआठशें किलोंचा भार असे. हा भार एका दिवशीं आलेला नव्हता. दर वर्षाच्या चारदोन पाट्यांनीं तो वाढत गेला, म्हणूनच तो कोणाच्या लक्षांत आला नाहीं.

भूकंपानंतर ५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं आणि तेथें सिमेंट-लोखंडाचीं छप्परें आलीं. परंतु उत्तरेकडे बालाघाटाच्या रांगेंत, अहमदपूर, जळकोट, मुखेड, कंधार या तालुक्यांतून, जुनीं माळवदें अजूनहि उभीं आहेत. त्यांच्या शेजारीं पत्र्याचे गोठे आहेत आणि मधूनमधून स्लॅबची एखादी नवी खोली आहे. या तऱ्हेतऱ्हेच्या छपरांवर अलीकडे एक नवी वस्तु चढूं लागली आहे. तिला पुस्तकी भाषेंत सौरफलक म्हणावें. खेड्यांत तिला सोलारची प्लेट म्हणतात.

ही वस्तु या भागांत लोकांना हवीशी कां वाटते, हें समजण्यास फार विचार करावा लागत नाहीं. बालाघाटाचे माळ व खोरीं आणि त्याहूनहि दूर किनवट-माहूरकडील डोंगर व रानें या प्रदेशांत वस्ती विखुरलेली आहे. एका टेकडीआड गांव, दुसरीच्या उतारावर तांडा, आणि तिसरीकडे शेतांतला एकटा आखाडा. तारा ओढणें खर्चाचें, आणि ओढलेल्या तारा वळवाच्या वाऱ्यांत शाबूत राखणें त्याहून कष्टाचें. रोहित्र, म्हणजे ज्याला सर्वजण डीपी म्हणतात तें, एकदां जळलें कीं नवें येईपर्यंत विहिरींत पाणी असून पीक वाळतें. त्यांत शेतीच्या वाहिनीवर पाळीपाळीनें कांहीं दिवस दिवसा आणि कांहीं दिवस रात्रीं वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें चालत आलेली. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावर उभें राहणाऱ्या शेतकऱ्याला साप, विंचू आणि ओल्या हातानें धरलेला स्टार्टर यांचें भय असतें. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनानें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली, आणि केंद्र शासनाची कुसुम योजना २०१९ सालीं आली. या सर्वांच्या मुळाशीं एकच साधा विचार आहे : पाणी दिवसा द्यावयाचें असेल तर दिवसाच उगवणाऱ्या सूर्याकडून वीज घ्यावी.

सूर्यप्रकाशापासून वीज होते ही कल्पना नवी नव्हे. १८३९ सालीं बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञाला प्रकाशामुळें विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो असें आढळलें. १९०५ सालीं आइन्स्टाईननें प्रकाशाच्या आघातानें धातूंतून इलेक्ट्रॉन कां बाहेर पडतात याची उपपत्ति लावली. १९५४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या शक्तीपैकीं सुमारें सहा टक्केच शक्तीची वीज होत असे. आज बाजारांत मिळणाऱ्या चांगल्या फलकांत हें प्रमाण वीस टक्क्यांच्या वर गेलें आहे. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा फलक उजेडावर चालतो, उष्णतेवर नव्हे. फलकाची शक्ति पंचवीस अंश तपमानाला मोजलेली असते, आणि त्यापुढें दर अंशाला ती सुमारें तिसऱ्या हिश्श्याच्या टक्क्यानें घटते. मे महिन्यांत फलक तापून साठ-पासष्ट अंशांवर गेला म्हणजे त्याची दहाबारा टक्के वीज केवळ तापण्यांतच जाते. यासाठीं फलक छपराला चिकटवून न बसवितां खालून वारा खेळेल इतकी जागा सोडावी लागते.

आतां या प्रदेशांतील एक घर डोळ्यांपुढें आणावें. गांव अहमदपूर आणि मुखेड यांच्या मधल्या उंच-सखल पट्ट्यांतलें. गांवांत जुना वाडा असून त्यावर माळवद आहे. वाड्याला लागून मुलानें बांधलेली स्लॅबची खोली आहे. शेतांत आखाडा, आखाड्यावर पत्र्याचा गोठा, आणि गोठ्यांत देवणी व लाल कंधारी या आपल्याच मुलखांतल्या जातींचीं आठदहा जनावरें. घरांतले आबा पंचाहत्तरीच्या घरांत आले आहेत. १९९३ सालीं गांवच्या पोरांबरोबर ट्रकमध्यें बसून ते किल्लारीकडे गेले होते आणि तीन दिवस त्यांनीं ढिगारे उपसले होते. त्यानंतर स्वतःच्या माळवदावर नवी माती चढवूं देण्याचें त्यांनीं बंद केलें. नातू बारावी शिकलेला आणि हातांत मोबाईल असलेला. तो एके संध्याकाळीं ओसरीवर येऊन म्हणतो, "आबा, गावात समदे सोलार बसवू लागलेत. आपल्या माळवदावर जागा लई हाय. उद्या बघायला माणूस येतो म्हणतोय."

आबा सुपारी कातरतां कातरतां थांबतात. "येऊ दे की. पण लेकरा, त्याला तीन गोष्टी इचार. ह्याचं वझं किती? वादळ सुटलं तर धरून कोण ठेवणार? आन् बिघडलं तर येणार कोण?"

दाराशीं उभी असलेली सून डोक्यावरचा पदर सारखा करून मुलालाच म्हणते, "माझंबी एक इचार. लाइट गेल्यावर ह्याच्यावर दिवा लागंल का? पहाटं चारला धार मी काढते."

हे चार प्रश्न शाळेंत न गेलेल्या माणसांचे आहेत. तथापि छपरावर सौरफलक बसविण्यापूर्वीं ज्या गोष्टींचा निवाडा व्हावयास हवा त्या बहुतेक सर्व या चारांत येऊन जातात. म्हणून ते क्रमानें पाहूं.

पहिला प्रश्न वजनाचा. साडेपांचशें वॅटच्या एका फलकाचें वजन अठ्ठावीस किलोंच्या आसपास असतें आणि तो अडीच चौरस मीटर जागा व्यापतो. म्हणजे दर चौरस मीटरास अकरा किलो. लोखंडी चौकट धरली तरी पंधरा ते वीस किलो. ज्या माळवदावर दर चौरस मीटरास सातआठशें किलो माती बसली आहे त्याला हा भार म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी. हें ऐकून नातवाला आनंद होईल. परंतु माळवदाची अडचण वजन पेलण्याची नसून पकड देण्याची आहे. मातींत बोल्ट धरत नाहीं. तुळईपर्यंत भोंक पाडलें तर त्या वाटेनें पावसाचें पाणी शिरतें, लाकूड कुजतें आणि वाळवीला आयतें आमंत्रण मिळतें. भोंक न पाडावें तर चौकट उडूं नये म्हणून सिमेंटचे जड ठोकळे ठेवावे लागतात, आणि मग चिमणीबरोबर हत्तीच्या पाठीवर आणखी एक हौदा चढतो. शिवाय वर चढउतार करणाऱ्या माणसांचा भार वेगळा. जुन्या तुळया आंतून किती पोखरल्या आहेत हें खालून पाहून समजत नाहीं. सारांश, माळवदावर सौरफलक चढवूं नयेत.

सिमेंटचा जुनाट पत्रा तर त्याहूनहि फसवा. तो दिसावयास दणकट, पण माणसाचा पाय पडला कीं अचानक फुटतो. त्यावर फलक बसविणें राहोच, फळी आडवी टाकल्याशिवाय कोणी पाऊलहि ठेवूं नये. लोखंडी पत्र्याच्या गोठ्याचें तसें नाहीं. मात्र तेथें पत्रा हा भार घेणारा नव्हेच, हें ध्यानांत ठेवावें. पत्र्याखालचे पाईप व अँगल भार घेतात. फलकाची चौकट त्यांनाच आवळलेली असली पाहिजे, नुसत्या पत्र्याला नव्हे. पाईप गंजलेले किंवा मूळचेच हलके असतील तर गोठ्याशेजारीं जमिनींत स्वतंत्र खांब रोवून त्यांवर फलक बसविणें अधिक शहाणपणाचें. उत्तम जागा म्हणजे स्लॅब. परंतु तेथेंहि पाडलेलें प्रत्येक भोंक नीट बुजवून घ्यावें, नाहीं तर पहिल्याच आषाढांत खोलींत घमेलें ठेवावें लागतें.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा, आणि तो पहिल्याहून बिकट आहे. दक्षिणेकडे तोंड करून तिरपा उभा असलेला फलक म्हणजे उघडलेलें सूपच. वळवाचा वारा खालून शिरला म्हणजे तो फलकाला दाबीत नाहीं, उचलतो. छपरें बहुधा भारानें खालीं येतात असें आपण समजतों. पत्र्याचीं छप्परें मात्र वाऱ्यानें वर जातात, हें मराठवाड्यांतील प्रत्येक शेतकऱ्यानें चैत्र-वैशाखांत पाहिलेलें असतें. लातूर साडेअठराव्या अक्षांशाच्या जवळ आहे आणि नांदेड एकोणिसाव्याच्या. म्हणून फलकाचा कल साधारण अठरा-एकोणीस अंश ठेवला म्हणजे वर्षभराचें ऊन चांगलें मिळतें. पण उघड्या माळावरच्या गोठ्यावर हा कल थोडा कमी ठेवला तर विजेचें नुकसान अल्प होतें आणि वाऱ्याची पकड बरीच सुटते. डोंगराळ भागांत आणखी एक सावधगिरी अवश्य आहे. खोऱ्यांतील आखाड्यावर सकाळचा सूर्य टेकडीआडून उशिरां येतो आणि संध्याकाळचा लवकर जातो. कडुनिंबाच्या एका फांदीची सावली फलकाच्या कोपऱ्यावर पडली तरी त्याला सांखळीनें जोडलेल्या इतर फलकांची वीजहि कमी होते. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं सकाळीं, दुपारीं आणि संध्याकाळीं तेथें उभें राहून सावली कोठें पडते तें पाहावें. पौषांत सूर्य खालून जातो आणि सावल्या लांब पडतात, हेंहि विसरूं नये.

गारपिटीविषयीं लोक हटकून विचारतात, आणि २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांतील गारपीट ज्यांनीं पाहिली त्यांनीं विचारणें साहजिकच आहे. फलकाची कांच साधी नसते. प्रमाणित फलकावर पंचवीस मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला तेवीस मीटर वेगानें मारून त्याची परीक्षा घेतलेली असते. बोरांएवढ्या गारांना तो सहसा दाद देत नाहीं. लिंबांएवढ्या पडल्या तर सांगतां येत नाहीं. विजेचें भय त्याहून मोठें. माळावर एकटें उभें असलेलें लोखंड मेघांतील विजेला निमंत्रण देतें. म्हणून वीजरोधक आणि चांगली भूमिजोडणी, जिला सर्वजण अर्थिंग म्हणतात, ती हवीच. काळ्या फत्तराच्या कोरड्या जमिनींत नुसती सळई ठोकून भागत नाहीं. तेथें खड्डा घेऊन कोळसा व मीठ भरावें लागतें, आणि उन्हाळ्यांत त्यावर अधूनमधून पाणी ओतावें लागतें. पुष्कळ ठिकाणीं ही सळई दाखविण्यापुरती असते. आबांसारख्या माणसानें ती हातानें हलवून पाहिली तर बरें.

तिसरा प्रश्न : बिघडलें तर येणार कोण? सौरफलकांत फिरणारा भाग नाहीं, त्यामुळें तो सहसा बिघडत नाहीं. पंचवीस वर्षें ठराविक प्रमाणांत वीज देण्याची हमी त्यावर बहुधा मिळते. बिघडतात तीं त्याच्या सोबतचीं अंगें. फलकाची एकदिश वीज घरगुती उपयोगाची करणारें यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, दहाएक वर्षांत बदलावा लागण्याची तयारी ठेवावी. शिसें-आम्लाची बॅटरी चारपांच वर्षांनीं थकते. उंदीर वायर कुरतडतात, आणि माहूरकडे तर वानरांचे कळप फलकांवरून उड्या मारतात. म्हणून बसविणाऱ्या माणसाकडून फलकांचे व इन्व्हर्टरचे क्रमांक लिहिलेली पावती, हमीचीं पत्रें आणि दुरुस्तीला कोठून माणूस येणार त्याचा पत्ता घेतल्यावांचून शेवटचा पैसा हातीं देऊं नये. स्वस्त मिळालें म्हणून दूरच्या शहरांतून आणलेला सांच पहिल्या बिघाडानंतर गोठ्यावर नुसता पडून राहतो, आणि मग दोष सूर्याला लागतो.

धुण्याचें काम घरच्याच माणसांचें. रस्त्याची व मळणीची धूळ बसली म्हणजे वीज घटते. सकाळीं फलक गार असतांना मऊ फडक्यानें धुवावा. भर दुपारीं तापलेल्या कांचेवर गार पाणी ओतूं नये. विंधनविहिरीच्या जड पाण्याचे पांढरे डाग कांचेवर बसतात आणि पुढें निघत नाहींत. तें पाणी वापरलें तर लगेच पुसून घ्यावें. साठविलेलें पावसाचें पाणी असल्यास उत्तम.

आतां सूनबाईंचा प्रश्न. तो चौथा असला तरी याच प्रश्नावर सर्वांत अधिक घरें फसलेलीं आढळतात. छपरावर फलक आहेत, आकाशांत सूर्य आहे, आणि तरी तारेंतली वीज गेली कीं घर अंधारांत, असें पुष्कळ ठिकाणीं घडतें. याचें कारण असें कीं, महावितरणच्या तारेला जोडलेली सौररचना ती तार बंद पडतांच आपण होऊन थांबते. ती न थांबती, तर खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या माणसाला त्या तारेंतून धक्का बसून त्याचा प्राण गेला असता. हा दोष नव्हे, ही मुद्दाम केलेली योजना आहे. तारेला जोडलेल्या रचनेचा लाभ वेगळा : दिवसा उरलेली वीज तारेंत जाते, रात्रीं तारेंतून परत घेतां येते, आणि मीटर दोहोंचा हिशोब ठेवतो. बिल कमी होतें, पण वीज गेल्यावर दिवा लागत नाहीं. पहाटे चारला धारेच्या वेळीं दिवा हवा असेल तर बॅटरी हवी. सांगणारा माणूस ही गोष्ट आपण होऊन सांगेलच असें नाहीं. म्हणून ती विचारून घ्यावी.

मग लागणार तरी किती? हा हिशोब पाटीवर मांडण्याजोगा आहे. गोठ्यांत नऊ वॅटचे आठ दिवे पांच तास लागले तर एक युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक वीज खर्च होते. पन्नास वॅटचे तीन पंखे आठ तास चालले तर सव्वा युनिट. दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी तासभर चालली तर दीड युनिट. एकूण तीन-सव्वातीन युनिटें. एक किलोवॅट फलक, म्हणजे साडेपांचशें वॅटचे दोन, वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चारएक युनिटें देतात. म्हणजे दोन फलकांत गोठा भागतो. परंतु येथें एक मेख आहे. कडबाकुट्टीची मोटार सुरू होतांना क्षणभर आपल्या नेहमीच्या मानाच्या पांचसहापट प्रवाह ओढते, आणि लहान इन्व्हर्टर तेवढ्यानें बंद पडतो. म्हणून दिवे-पंखे बॅटरीवर ठेवावे आणि कुट्टी गांवांतल्या खोलीशीं दिवसा चालवावी, हें सोईचें. पत्र्यावर उंच चौकटींत बसलेल्या फलकांची सावली गोठ्यावर पडते आणि पत्रा कमी तापतो, हा जनावरांचा लाभ कोणत्याच हिशोबांत लिहिला जात नाहीं. पण मे महिन्यांत दुभत्या गाईला तो कळतो.

पैशांचा विचार करतांना कोणती मदत कोणत्या छपराला लागू आहे हें पाहावें. २०२४ सालीं केंद्र शासनानें सुरू केलेल्या सूर्यघर योजनेंत राहत्या घराच्या छपरासाठीं एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठेवण्यांत आलें. ही मदत घरगुती वीजजोडणीची आहे, शेतांतल्या गोठ्याची नव्हे. विहिरीवरील पंपासाठीं राज्याची 'मागेल त्याला सौर कृषि पंप' ही योजना त्याच वर्षीं आली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किंमतीचा दहा टक्के आणि अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें पांच टक्के हिस्सा भरावयाचा; अडीच एकरांपर्यंत तीन, पांच एकरांपर्यंत पांच आणि त्यापुढें साडेसात अश्वशक्तीचा पंप, आणि पांच वर्षें दुरुस्तीची हमी, अशी तिची मांडणी आहे.

पंपाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातूरला आली, आणि सगळ्या देशानें तें दृश्य पाहिलें. ज्या जिल्ह्यानें तो दिवस पाहिला त्यानें फुकट मिळणाऱ्या शक्तीविषयीं जपून असावें. विजेचें बिल येत नाहीं म्हणून पंप दिवसभर चालूं राहतो. रोजचें पाणी थोडेंसेंच जास्त उपसलें जातें. आणि माळवदावरच्या मातीप्रमाणें तेंहि कोणाच्या लक्षांत येत नाहीं. सूर्य उद्यां पुन्हा उगवेल. विंधनविहिरीच्या तळाचें पाणी तसें रोज उगवत नाहीं. सौरपंप घेणाऱ्यानें ठिबकाची नळी त्याच्या बरोबरच घ्यावी, आणि पिकाला पुरेल इतकें झालें कीं बटण बंद करावें.

आपल्या त्या घराकडे परत वळूं. माणूस आला, त्यानें जागा पाहिली, आणि आबांनीं त्याला चारहि प्रश्न स्वतःच विचारले. शेवटीं ठरलें तें असें. माळवदावर कांहीं नाहीं. स्लॅबच्या खोलीवर तारेला जोडलेले दोन किलोवॅट फलक. त्यांच्यावर घराचें बिल भागावें आणि दिवसा कुट्टी चालावी. आखाड्यावर गोठ्याच्या पत्र्याला हात न लावतां, त्याच्या दक्षिण अंगाला जमिनींत खांब रोवून दोन फलक आणि बॅटरी. त्यांवर दिवे व पंखे. नातवाला हें थोडें कमी वाटलें. गांवांत दुसऱ्यांच्या छपरांवर सहासहा, आठआठ फलक चमकत होते. आबा त्याला म्हणाले, "लागंल तवा आनखी बसव. चढवलेलं उतरवायला कुनी येत न्हाई."

असें घर कोठेंहि असूं शकेल. त्यांतून घेण्याजोगी गोष्ट इतकीच कीं, नव्या वस्तूला भिण्याचें कारण नाहीं. परंतु ती कोणत्या छपरावर जाते, तें छप्पर तिला कसें धरतें आणि तिचा सांभाळ कोण करणार, हें घरांतल्या सर्वांनीं मिळून पाहावें. त्यांतहि ज्या माणसाचे हात पहाटे त्या दिव्याखालीं चालणार, त्याला अगोदर विचारावें.

मराठवाड्यांतील खेड्यांत मृगापूर्वीं छपरावर चढून तें तपासण्याची चाल फार जुनी आहे. माती चढविण्याची रीत मागें पडली, हें बरेंच झालें. परंतु वर्षांतून एकदां शिडी लावून वर जाण्याची रीत सोडूं नये. वळवाचे वारे सुरू होण्याआधीं आणि पुन्हा मृग लागण्याआधीं फलकांचे नट पान्यानें आवळून घ्यावे, गंजलेला अँगल रंगवावा, वायरीवरचें प्लास्टिक कोठें तडकलें आहे तें पाहावें, आणि अर्थिंगच्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतावें. या कामाला एक दुपार पुरते.